इंदूरला होमस्टे काढताय? आधी पाण्याची टाकी बघा, मग खोल्या मोजा

राजेंद्रनगर, लोकमान्य नगर, रामबाग, सुदामा नगर. या भागांतल्या कितीतरी मराठी घरांचा वरचा मजला सध्या रिकामाच असतो. मुलं पुण्याला नाहीतर परदेशात, खाली आई-बाबा दोघंच, आणि वरच्या खोल्यांत जुन्या गाद्या नि अटाला, म्हणजे अडगळ. उज्जैनच्या महाकाल मंदिराभोवतीचा ‘महाकाल लोक’ परिसर ऑक्टोबर २०२२ मध्ये खुला झाला आणि इंदूरला उतरून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर करणाऱ्यांची रीघ लागली. त्यामुळे ‘वरती दोन खोल्या आहेत, होमस्टे काढावं का?’ हा विषय आता लग्नामुंजीच्या पंगतीतही निघतो. त्यातले काही जण जरा पुढे जाऊन म्हणतात, काढायचंच तर पर्यावरणपूरक काढू. आणि मग पहिला प्रश्न हमखास सोलर पॅनलचा.

सोलर लावा, जरूर लावा, पण सुरुवात तिथून करू नका. पाहुणा मुद्दाम उधळपट्टी करत नाही. त्याच्या हाताशी जे असतं ते तो वापरतो. टेबलावर सीलबंद बाटली दिसली की ती फुटणार, शॉवरचा नळ आधी हाताला लागला की शॉवर चालू होणार, कचऱ्याचा एकच डबा असला की सगळं त्यातच जाणार. म्हणून घर असं लावायचं की कमी वापरणं हेच त्याला सोपं वाटेल. भिंतीवर ‘पाणी वाचवा’ची पाटी लावून यातलं काही होत नाही. सुट्टीवर आलेल्या माणसाला शाळेत आल्यासारखं तेवढं वाटतं.

कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळू नका. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या बेड अँड ब्रेकफास्ट योजनेत घरमालक कुटुंबासह त्याच घरात राहत असायला हवा. खोल्या १ ते ६, म्हणजे जास्तीत जास्त १२ खाटा, आणि सिल्व्हर व गोल्ड अशा दोन श्रेणी. मध्य प्रदेश पर्यटन मंडळाची नोंदणी वेगळी असते. तिच्यात शहरातल्या घरासाठी एक प्रकार, शेतावरच्या घरासाठी फार्म स्टे आणि गावातल्या घरासाठी ग्राम स्टे असतो. इंदूरच्या वस्तीतलं घर असेल तर अर्थातच पहिला.

नाश्ता देणार म्हणजे एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, साधी नोंदणी लागते. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. सगळे याला सी फॉर्म म्हणतात. भारतीय पाहुण्याचं ओळखपत्र आल्या आल्या बघून नोंदवहीत लिहून ठेवा. जीएसटीचं काय ते तुमच्या सीएला विचारा. ऑनलाइन बुकिंग घेणार असाल तर आधीच विचारा. आणि वीज कंपनीच्या झोनवर (विभागीय कार्यालयात) जाऊन तुमचं कनेक्शन घरगुतीच राहणार की बदलणार हे तोंडी न विचारता लेखी घ्या. पुढे सोलरच्या वेळी हाच कागद लागतो.

आता टाकी

इंदूरचं पाणी नर्मदेचं. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून ते सुमारे ७० किलोमीटर येतं, तेही विंध्याचा चढ पंपांनी चढून माळव्याच्या पठारावर. आपल्या नळाला आलेल्या प्रत्येक बादलीमागे वीज जळलेली असते. म्हणूनच आपल्याकडे पाणी वाचवणं आणि वीज वाचवणं या दोन वेगळ्या गोष्टी उरत नाहीत. ‘पग-पग रोटी, डग-डग नीर’ ही माळव्याची जुनी ओळख. आता बऱ्याच वस्त्यांत नळ एक दिवसाआड येतात आणि उन्हाळ्यात बोरिंग दम टाकतं.

तेव्हा खोल्या किती काढायच्या हे टाकीला विचारा. शहरातल्या माणसासाठी दिवसाला १३५ लिटर हे सरकारी मानक धरलं जातं. समजा वरची टाकी २,००० लिटरची आहे, नळ एक दिवसाआड येतो आणि घरात तुम्ही दोघं आहात. दोन खोल्यांत चार पाहुणे आले तर सहा माणसं, दोन दिवस, १,६२० लिटर. जमलं. तिसरी खोली काढलीत तर आठ माणसं आणि २,१६० लिटर. टाकी संपली, टँकर आला. ज्या घरी दर आठवड्याला टँकर उभा राहतो त्या घराने स्वतःला पर्यावरणपूरक म्हणवून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिसऱ्या खोलीचा मोह असेल तर आधी वापर खाली आणा, महिनाभर टाकीची पातळी रोज रात्री लिहा आणि मग ठरवा.

वापर खाली येतो तो न्हाणीघरात. साध्या शॉवरमधून मिनिटाला नऊ-दहा लिटर पाणी जातं. आठ मिनिटं उभं राहिलं की ७०-८० लिटर. बादली-तांब्याने तीच आंघोळ वीस-पंचवीस लिटरमध्ये आटोपते. शॉवर काढून टाकू नका, लोक चिडतात. फक्त बादली मोठी, स्वच्छ, चांगल्या रंगाची ठेवा, तांब्या पितळेचा ठेवा, शेजारी बसायला सागवानी पाट ठेवा आणि गरम पाण्याचा नळ बरोबर बादलीवर येईल असा बसवून घ्या. आपल्याकडची बहुतेक माणसं आपणहून पाटावर बसतात. शॉवरला पाणी कमी सोडणारं तोंड बसवा. वॉश बेसिनच्या नळाला हवा मिसळणारी जाळी मिळते, हार्डवेअरवाल्याकडे ‘एरेटर’ म्हणून मागा, ती लावा. संडासात दोन बटणांची टाकी, ३ आणि ६ लिटरची. जुनी मोठी टाकी बदलायची नसेल तर तिच्यात लिटरची बाटली पाण्याने भरून, बूच घट्ट लावून उभी करा. दर वेळी तेवढं पाणी वाचतं.

पिण्याच्या पाण्याचं जरा सविस्तर सांगते, कारण प्लॅस्टिकचा सगळ्यात मोठा ढीग इथूनच येतो. नळाचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी पाहुण्याला थेट देऊ नका, गाळून आणि यूव्हीतून किंवा उकळूनच द्या. आरओ घेण्याआधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजा. ५०० च्या खाली असेल तर क्षार काढायला आरओची गरज नसते आणि एक लिटरपायी दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडावं लागत नाही. नुसत्या बोरिंगच्या पाण्यावर आरओ लावावाच लागला तर त्याचं वाया जाणारं पाणी बादलीत धरून फरशी पुसायला वापरा. कूलरमध्ये मात्र ते घालू नका, जाळीवर क्षार बसतात.

फिल्टर कुठे लावायचा हे त्याहून महत्त्वाचं. स्वयंपाकघरात लावलात तर पाहुण्याला तो दिसत नाही. मग खोलीतल्या जगमधलं पाणी ‘कुठलं आहे कोण जाणे’ असं वाटून तो खाली जाऊन चार बाटल्या घेऊन येतो. फिल्टर जिन्याच्या वळणावर लावा, येता-जाता दिसेल असा. वर कार्ट्रिज बदलल्याची तारीख ठळक लिहा. खाली काचेच्या रिकाम्या बाटल्या ओळीने ठेवा, स्वतःची बाटली भरायलाही उंची पुरेल अशा बेताने. माणसाने आपल्या हाताने भरलेल्या पाण्यावर त्याचा विश्वास बसतो.

पावसाचं पाणी सोडून देऊ नका. हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. १,००० चौरस फुटांची गच्ची म्हणजे ९३ चौरस मीटर. इंदूरला वर्षाला साधारण ९०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. गळती-बाष्प वजा केलं तरी ६५-७० हजार लिटर हाती लागतात. आपल्या काळ्या मातीत पाणी सावकाश मुरतं, म्हणून नुसता खड्डा खणण्यापेक्षा वाळू-खडीच्या गाळणीतून बोरिंगला जोडणं बरं. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडायची तोटी ठेवायला प्लंबरला आठवणीने सांगा. गच्चीवरची वर्षभराची धूळ नि कबुतरांची घाण बोरिंगमध्ये जायला नको.

कचरा

यात आपण इंदूरवाले नशीबवान आहोत. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात शहर वर्षानुवर्षं पहिलं आलं ते घरातल्या घरात कचरा वेगळा करायच्या सवयीवर. ओला, सुका, प्लॅस्टिक, घरातला घातक, सॅनिटरी आणि ई-कचरा असे सहा प्रकार. आपल्याला ते पाठ झालेत. नाशिकहून किंवा नागपूरहून आलेल्या पाहुण्याला नाहीत. त्याने केळ्याचं साल, चिप्सचं पाकीट आणि बाळाचं डायपर एकाच पन्नीत बांधून दाराबाहेर ठेवलं की सकाळी गाडीवर ‘आंटीजी, ये तो मिक्स है’ हे तुम्हाला ऐकावं लागतं, त्याला नाही.

सहाही डबे खोलीत ठेवायच्या भानगडीत पडू नका. कोणी वाचत बसत नाही. खोलीत एकच छोटी उघडी टोपली ठेवा, कागद नि वेष्टनांसाठी. न्हाणीघरात झाकणाचा एक डबा, सॅनिटरीसाठी. त्याच्या शेजारी जुन्या वर्तमानपत्राच्या घडी घातलेल्या पिशव्या एका खिळ्याला अडकवून ठेवा. एका पानाची पिशवी दोन मिनिटांत होते, चिकटवायला कणकेची खळ पुरते. समोर पिशवी लटकलेली दिसली की काय करायचं ते सांगावं लागत नाही. ओल्यासाठी खोलीत डबाच नको. खाणं खाली ओटल्यावर किंवा जेवणाच्या खोलीतच होऊ द्या आणि तिथे ओल्याचा डबा हाताशी ठेवा. उरलेले प्रकार, म्हणजे बॅटरी, संपलेलं औषध, तुटलेला चार्जर, पाहुण्यांकडून क्वचितच येतात. ते तुम्ही गोळा करून त्या-त्या डब्यात टाका.

ओल्या कचऱ्याचं खत घरीच करायचं का? कुंड्या असतील, हाताला वेळ असेल तर अवश्य करा. नसेल तर अपराधी वाटून घेऊ नका. देवगुराडियाला फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेला बायो-सीएनजी प्रकल्प रोज ५५० टन ओला कचरा घेऊ शकतो आणि त्या गॅसवर शहरातल्या बस चालतात. ओला कचरा पूर्ण शुद्ध, त्यात एकही पन्नी नाही, असा गाडीत दिलात की तुमचं काम झालं. उगाच दिखाव्यापुरता गच्चीत खताचा माठ ठेवून त्यात अळ्या करण्यापेक्षा हे चांगलं.

माठ ठेवणारच असाल तर तळाशी आणि बाजूंना भोकं पाडा, खाली वाळक्या पानांचा जाड थर द्या. मग ओल्याची एक मूठ की त्यावर वाळक्या पानांची दोन मुठी, अधूनमधून आंबट ताकाचा शिपका. वास यायला लागला तर ओल जास्त झाली समजा, पानं वाढवा आणि उलथनं फिरवा. दीड-दोन महिन्यांत काळी, मातीचा वास येणारी खत-माती मिळते. गच्चीवर पाहुणे सकाळी चहा पितात, तेव्हा माठ वाऱ्याच्या खालच्या बाजूला.

लिंबू-संत्र्याच्या सालींचं बायोएन्झाइम सध्या सगळीकडे गाजतंय: एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने. पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू सोडायचा, नाहीतर बरणी फुटते. फरशीला छान आहे. पण त्याचं कौतुक जरा जास्तच होतं. ते जंतुनाशक नाही. पाहुण्याला जुलाब-उलटी झाली असेल तर न्हाणीघराला साधं ब्लीचच लागतं आणि तेव्हा ते वापरावं.

नाश्ता, म्हणजे खरी परीक्षा

होमस्टेचं अन्न वाया जातं ते स्वयंपाकघरात नाही, अंदाजात. इंदूरच्या पाहुण्यांचे दोन प्रकार ओळखून ठेवा. एक सराफ्याचा. सोन्या-चांदीची दुकानं बंद झाली की तिथे खाण्याच्या गाड्या लागतात. हा माणूस भुट्ट्याचा किस, गराडू (तळलेला कंद), दहीवडा, जलेबा चेपून मध्यरात्री परततो आणि सकाळी त्याला फक्त चहा हवा असतो. दुसरा महाकालचा. भस्मारती पहाटे चारच्या सुमाराला, उज्जैन इथून साधारण ५५ किलोमीटर, म्हणजे तो रात्री एक-दीडलाच निघतो आणि सकाळी दहाला उपाशी परततो. दोघांसाठी साडेआठला सहा बशा वाढून ठेवल्यात तर चार परत येणार.

यावर उपाय एका निरोपाचा. संध्याकाळी सातला व्हॉट्सॲपवर विचारा, अगदी असंच:

‘नमस्कार! उद्या सकाळी नाश्ता किती जणांचा आणि किती वाजता करू? पोहे आहेत. रात्री सराफ्याला जाणार असाल तर फक्त चहा ठेवते, चालेल ना? पहाटे उज्जैनला निघणार असाल तर डब्यात धपाटे देईन, डबा परत आणा.’

उत्तर येतंच. न आलं तर एकाचं कमी धरून चाला. डबा स्टीलचा द्या आणि झाकणावर घराचं नाव कोरून घ्या, भांड्यांच्या दुकानात कोरून देतात. तो परत येतो. प्लॅस्टिकचा दिलात तर तो महेश्वरच्या घाटावर राहतो.

पदार्थ निवडताना इंदुरी पोहे घ्या, फोडणीचे नकोत. आपल्या घरी फोडणीचे पोहे गार झाले की वातड होतात आणि पुन्हा परतावे लागतात. इथल्या दुकानातली रीत बघा: भिजवलेले पोहे हळद, मीठ, साखर, बडीशेप लावून उकळत्या पाण्याच्या तपेलीवर, वाफेवर ठेवलेले असतात. तेल अगदी कमी, आणि साडेसातचा पाहुणा असो की दहाचा, त्याच वाफेवर मऊ राहतात. वर शेव, कांदा आणि जिरावण, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला. जिरावण बरणीत, चमचा बरणीतच. सॉसच्या पुड्या, लोण्याच्या डब्या, साखरेच्या कांड्या घरात आणूच नका. जलेबी कोपऱ्यावरच्या हलवायाकडून आणा, घरचा डबा घेऊन जा. पहिल्या दिवशी तो बघत राहील, तिसऱ्या दिवशी डबा हातात दिसताच वजनाला ठेवेल.

मोसमाप्रमाणे बदल करा: पावसात भुट्ट्याचा किस, थंडीत गराडू, हिरव्या हरभऱ्याची उसळ, उपासाच्या दिवशी साबूदाण्याची खिचडी. पाहुण्याला सफरचंद-पपईची ताटली दिल्याने काही खास वाटत नाही. ती त्याला पुण्यातही मिळते. ताटं-वाट्या स्टीलच्या. थर्माकोलच्या नि प्लॅस्टिकच्या बशा-चमच्यांवर जुलै २०२२ पासून देशभर बंदीच आहे. प्लॅस्टिकचं अस्तर लावलेले कागदी पेलेही टाळा, कागद म्हणून त्यांचा उपयोग होत नाही.

ऊन, वारा, वीज

पहिला खर्च पंख्यांवर करा. साधा छताचा पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. बारा तास चालला तर दर पंख्यामागे रोज अर्धं युनिट वाचतं, पाहुण्याला काहीच न सांगता. मग गच्ची. मार्च लागताच तिला चुन्याचा पांढरा हात द्या, वरच्या मजल्याच्या खोल्यांना फरक जाणवतो. खिडक्यांना जाळ्या बसवा. माळव्याची रात्र उन्हाळ्यातही मोकळ्या हवेची असते, पण डासांच्या भीतीने पाहुणा खिडकी लावतो आणि एसी चालू करतो.

एसी ठेवावा का यावर दोन मतं आहेत. माझं म्हणणं, एका खोलीत ठेवा, बाकी ठिकाणी कूलर. आपला मार्च ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा उन्हाळा कोरडा असतो, वाळ्याच्या पडद्याचा कूलर झकास चालतो आणि एसीच्या मानाने वीज फारच कमी खातो. पाणी पितो, हे टाकीच्या हिशेबात धरा. पाऊस सुरू झाला की कूलर निरुपयोगी, तेव्हा नुसता पंखा. एसीचं तापमान २४ वर लावूनच खोली ताब्यात द्या. बहुतेक जण ते बदलायला रिमोट उचलत नाहीत.

गरम पाण्यासाठी १०० लिटरचा सोलर हीटर चार-पाच आंघोळींना पुरतो. एकच अडचण: वरून खाली येईपर्यंत नळातून आधी गार पाणी येतं आणि ते सगळं मोरीत जातं. पाइपवर आवरण घाला आणि नळाखाली ती पहिली गार बादली धरायची जागा ठेवा. तीच बादली संडासाला वापरली जाते.

विजेचं सोलर शेवटी, वापर कमी झाल्यावर. म्हणजे लहान पॅनलमध्ये भागतं. एक किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट सावली नसलेली गच्ची लागते आणि स्वच्छ उन्हात दिवसाला चारेक युनिटं मिळतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती कनेक्शनला २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० रुपये आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये अनुदान ठरलं. हे घरगुती कनेक्शनसाठी आहे, म्हणून तो झोनवरचा कागद.

चादरी आणि रंगपंचमी

चादरी सुती घ्या. पॉलिस्टरमिश्रित चादर लवकर वाळते खरी, पण उन्हाळ्यात पाठीला चिकटते आणि पाहुणा पुन्हा एसी मागतो. धार जिल्ह्यातल्या बागची ठशाची छपाई आपल्याकडे मृगनयनी या सरकारी हस्तकला दुकानात मिळते. रंग गडद असल्याने डाग कमी दिसतात आणि खोली आपल्या भागातली वाटते. एका खोलीला तीन जोड पुरतात: एक गादीवर, एक दोरीवर, एक कपाटात.

दोन-तीन रात्री राहणाऱ्याच्या चादरी रोज बदलू नका. टॉवेलसाठी दाराच्या मागे दोन मजबूत खुंट्या ठोका. पुष्कळ लॉजमध्ये ओला टॉवेल टाकायला जागाच नसते, तो पलंगावर पडतो आणि मग रोज धुवायला जातो. खुंटी दिसली की तो तिथे वाळतो. धुणं गच्चीवर उन्हात टाका, ड्रायर नको. बोरिंगच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि माणूस दुप्पट पावडर घालतो, म्हणून धुण्याला शक्यतो नर्मदेचंच पाणी ठेवा.

रंगपंचमीची तयारी वेगळी. राजवाड्याच्या गेरसाठी, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीसाठी, बाहेरगावची माणसं हौसेने येतात आणि परत येतात ती डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी होऊन. त्या दिवशी पांढरा टॉवेल दिलात की तो गेलाच. जुने गडद टॉवेल आणि जुन्या साड्यांची पांघरुणं त्यासाठी साठवून ठेवा. निघण्याआधी प्रत्येकाच्या हातावर खोबरेल तेल द्या, अंगाला नि केसांना चोळायला. परतल्यावर रंग निम्म्या पाण्यात निघतो. आणि अंगणातच एक बादली नि तांब्या ठेवा, पहिला हात तिथे झाला की न्हाणीघराची फरशी घासायला ॲसिड लागत नाही.

जाहिरात लिहिताना

‘इको-फ्रेंडली’ हा शब्द लिहूच नका, तो आता कोणीही लिहितो. जे आहे ते लिहा: ‘खोलीत पाण्याची बाटली नसते, जिन्यात फिल्टर आहे. एसी एकाच खोलीत. गरम पाणी सोलरचं, पावसाळ्यात ढग असतील तर बादलीभर पाणी तापवून देऊ. साबण मोठ्या बाटलीत, ब्रश विसरला असाल तर मागा. नाश्ता घरचा, आदल्या दिवशी सांगून.’ हे वाचून दोन बुकिंगं कमी येतील. येतील ती माणसं तक्रार करणारी नसतील.

फिरण्याचंही सुचवा. राजवाडा, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या नि सराफा एका ई-रिक्षात आणि मग पायी होतात. उज्जैनला सरवटे स्टँडवरून बस आहे, रेल्वे आहे. दोन खोल्यांतले पाहुणे एकाच दिवशी ओंकारेश्वरला निघणार असतील तर त्यांची चहाच्या वेळी ओळख करून द्या, एक गाडी वाचते. पावसाळ्यात कोणी आलं तर पातालपाणी-कालाकुंड ही २०१८ पासून चालणारी हेरिटेज गाडी सुचवा, वेळापत्रक आधी बघून. थंडीत सिरपूर तलाव. तो आणि यशवंतसागर दोन्ही २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आहेत आणि शहराच्या इतक्या जवळ एवढे पक्षी बघून पाहुणे चाट पडतात. घरात एक दुर्बीण असू द्या. सानंद या इथल्या मराठी संस्थेचं नाटक त्या आठवड्यात असेल तर तेही सांगा. महाराष्ट्रातून आलेल्यांना इंदुरात मराठी नाटकाला गर्दी बघायची फार गंमत वाटते.

सिंहस्थाचं बुकिंग

उज्जैनचा पुढचा सिंहस्थ २०२८ च्या एप्रिल-मेमध्ये आहे. ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे, सगळ्यांचे फोन येणार. गच्चीत गाद्या टाकून दहा माणसं झोपवायचा सल्लाही मिळेल. ते दोन महिने नेमके आपल्या पाणीटंचाईचे. म्हणून आत्ताच वही काढा, गेल्या मे महिन्यात नळ किती दिवस आले नि टाकी कितीदा रिकामी झाली ते लिहा, त्यावरून एका रात्रीला जास्तीत जास्त किती माणसं हा आकडा ठरवा आणि तो फोनशेजारी चिकटवून ठेवा. आत्याच्या जावेच्या भावाचा फोन आला तरी त्याच आकड्यावर ठाम राहायचं. त्यांना महू किंवा देवासकडच्या एखाद्या होमस्टेचा नंबर देता येईल, तो मात्र आधीच जमवून ठेवा.